घरी वाचून या

सव्वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि सव्वीस वर्षं पुनरुत्पादनाच्या धड्यावर एकच वाक्य बोलले, "हा घरी वाचून या." मुलं खिदळायची, मी फळा पुसायची. आपण फार शालीन आहोत असा माझा समज होता.

आठ महिन्यांपूर्वी कर्करोगाने माझा डावा स्तन गेला. लोकांना मी 'छातीचं ऑपरेशन' सांगते. नंतर गोळ्या सुरू झाल्या, आणि तेव्हापासून ह्यांनी जवळ घेतलं की नुसती आग व्हायची. मी कधी कणकण आहे म्हटलं, कधी डोकं दुखतंय. शेवटी एक दिवस हे उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

तपासणीला गेले तर समोर नर्स म्हणून माझीच जुनी विद्यार्थिनी. नशीबच फुटकं! तिने रक्तदाब घेतला आणि सहज विचारलं, "बाई, संबंध कसे आहेत?"

"उत्तम," मी म्हणाले. "हे काळजी घेतात, जाऊबाईसुद्धा डबा पाठवतात."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने दार लोटलं, स्टूल जवळ ओढलं. "ते नाही, बाई. नवरा-बायकोचे. ह्या गोळ्यांनी योनी कोरडी पडते. दुखतं का?"

नाक, कान म्हणावं तसा तिने तो शब्द उच्चारला. माझा चेहरा तापला. मी नुसती मान डोलावली.

"मग इतके महिने सोसत का बसलात? हार्मोन नसलेलं जेल मिळतं. डॉक्टरांना लिहून द्यायला सांगते." मग जरा थांबून म्हणाली, "लग्नानंतर वर्षभर मीही असंच सोसलं. कुणी काही सांगितलंच नव्हतं."

टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. तरी ते वर्मी लागलं. मला तिच्याकडे बघवेना.

घरी आल्याआल्या मी ह्यांच्यासमोर जेलची ट्यूब ठेवली आणि वर्गातल्या आवाजात सगळं सांगून टाकलं, योनीसकट. नजर मात्र टेबलावर. ह्यांनी ट्यूब उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मला वाटलं, तू पाहिलंस," हे म्हणाले. "पट्टी काढली त्या दिवशी मी तोंड फिरवलं, ते."

म्हणून हे उशी घेऊन गेले होते. शरमेने.

"नव्हतं पाहिलं," मी म्हणाले. "आता बघा."

पहिलं बटण काजात अडकलं; ते ह्यांनीच काढलं.