सोवळ्यातला फोन

नानाखेड्याच्या त्यांच्या घरात झाकणाचा एक काळा फोन होता आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असा माईंचा हुकूम होता. श्रीधर तो सकाळी चार्जरवरून काढून शर्टाच्या खिशात ठेवी आणि संध्याकाळी परत चार्जरला लावी. मधल्या वेळात त्यावरून कोणाला फोन करायचा नाही, त्यावर कोणी फोन करायचा नाही, नंबर नातेवाइकांना द्यायचा नाही. इंदूरच्या हॉस्पिटलातून "किडनी मिळाली, या" असा निरोप येईल त्या क्षणी लाइन मोकळी हवी, एवढ्यासाठीच तो घेतलेला. माईंच्या सख्ख्या बहिणीने एकदा हट्ट धरला, तेव्हा माई तिला म्हणाल्या, "तो सोवळ्यातला आहे गं. सुनेच्या जिवाचा प्रश्न आहे. तुला खुशालीच विचारायची ना, मग श्रीधरच्या मोठ्या फोनवर विचार."

श्रीधरचा मोठा फोन म्हणजे एक वेगळीच पीडा होती. तो रामघाटाजवळच्या एका भक्तनिवासाचा व्यवस्थापक. त्याचा नंबर इंटरनेटवर, रिक्षांच्या मागे, घाटावरच्या गुरुजींच्या कार्डांवर. कोणी नांदेडहून, कोणी सुरतहून, दिवस उगवल्यापासून एकच प्रश्न, "भैया, कमरा मिलेगा?" हॉस्पिटलच्या मॅडमनी दुसराही एखादा नंबर द्या म्हटलं होतं. श्रीधरनेच नको म्हटलं. "तो कधी लागतच नाही, मॅडम. हाच ठेवा. हा चोवीस तास मोकळा असतो."

आणि तो खरोखरच मोकळा असे. सुरुवातीला कंपनीचे मेसेज यायचे. टुंग वाजलं की श्रीधरच्या बायकोच्या, भार्गवीच्या हातातलं पातेलं थांबायचं, माईंच्या ओठांवरचा जप थांबायचा. पुढे श्रीधरने मेसेजचा आवाज बंद करून टाकला. झाकण उघडायचं कारणही उरलं नाही. झाकणावर नखाएवढी काच होती, तिच्यात वेळ दिसायची. वेळ दिसते, म्हणजे फोन जिवंत आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं.

भार्गवीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. तिच्या शेजारच्या खाटेवर अनय असायचा. पंचविशीतला, तिच्याच रक्तगटाचा, लांबलचक पायांचा मुलगा. त्याची आई अहल्याताई निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन नानाखेड्यालाच राहायला आलेल्या. अनय मशिनला जोडलेला असतानाही गप्प बसत नसे. "काकू, यादीत तुम्ही माझ्या वर. तुमचा नंबर लागला की मला पार्टी. पनीर चालणार नाही, ते आपल्या दोघांनाही बंद आहे."

"मग पार्टीत काय खायचं?"

"भाताची पेज. पण चांदीच्या वाटीत."

गेल्या महिन्यापासून मात्र भार्गवी हसायचं विसरली होती. तिच्या हातातली सुई टोचायची जागा वारंवार बंद पडत होती. डॉक्टरांनी श्रीधरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अब ज़्यादा रास्ते नहीं बचे हैं." ते त्याने घरी सांगितलं नाही. सकाळी फोन खिशात ठेवताना तो त्यावर तळहात जरा जास्त वेळ दाबून धरी, एवढंच.

श्रावणातला सोमवार उजाडला. संध्याकाळी महाकालाची सवारी घाटावर यायची, म्हणून शहरातले रस्ते सकाळपासूनच बंद. भक्तनिवासाच्या काउंटरवर माणसांची भिंत उभी होती. मोठा फोन अखंड वाजत होता आणि लागला तरी आवाज तुटत होता; एवढ्या गर्दीत नेटवर्कचंही तेच होतं जे रस्त्यांचं होतं. श्रीधरने अशा दिवसासाठी एक पद्धत बसवली होती. फोन उचलायचा, समोरच्याला तोंड उघडू द्यायचं नाही, आणि एका दमात म्हणायचं, "कमरा खाली नहीं है भैया, कल तक फुल है, जय महाकाल." आणि कापायचा. सकाळपासून किती जणांना त्याने असं कापलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अकराच्या सुमाराला पडद्यावर अहल्याताईंचं नाव आलं. नाव दिसलं म्हणून त्याने वाक्य गिळलं.

"श्रीधरराव, भार्गवी कुठे आहे?"

"घरी. का हो?"

"तुम्हाला इंदूरहून फोन आला का?"

"नाही."

पलीकडे आवाज तुटला, पुन्हा जुळला. "...आत्ता आम्हाला बोलावलंय. किडनी आहे. पहिल्या पेशंटचा फोन लागत नाही, म्हणून दुसऱ्याला तयार राहायला सांगतायत. पहिला कोण, ते नाव सांगत नाहीत. पण आपल्या रक्तगटात अनयच्या वर कोण आहे, ते मला ठाऊक आहे, श्रीधरराव. तुमचा तो फोन बघा. आधी बघा."

श्रीधरने खिशातून फोन काढला. काचेत वेळ दिसत होती. त्याने झाकण उघडलं. नेटवर्कच्या जागी फुली होती. मेसेजच्या खणात कंपनीचे मेसेज एकाखाली एक साचलेले. आपला नंबर वापरात नाही. आपला नंबर बंद होणार आहे. शेवटची सूचना. सगळे न उघडलेले. ज्या फोनवरून कोणी बोलत नाही, ज्यावर कोणी फोन करत नाही, तो कोणालाच नको आहे, असं समजून कंपनीने नंबर काढून घेतला होता. सोवळं इतकं कडक पाळलं गेलं, की तो मेला हे घरात कोणाला कळलंच नाही.

"बंद आहे," तो म्हणाला. "ताई, तो बंद आहे."

"इंदूरच्या बाई म्हणाल्या, डायलिसिसवाल्यांकडून पहिल्याचा दुसरा नंबर घेतला, दोनदा लावला, कोणीतरी कमरा नाही म्हणून ठेवून दिला."

श्रीधरने कॉलची यादी मागे सरकवली. सुरत, नाशिक, भोपाळ, आणि मध्ये इंदूरचा ०७३१ने सुरू होणारा नंबर. दोनदा. दोन्हीपुढे काही सेकंद. तेवढ्या सेकंदांत तो जय महाकालही म्हणाला होता.

"बारापर्यंत पहिल्याची वाट बघणार, मग आमचं नक्की करणार," अहल्याताई म्हणाल्या. मागे अनय काहीतरी विचारत होता. "ऐका. गाडी माझ्या दारात आहे. मी भार्गवीला उचलते. तुम्ही नानाखेड्याच्या चौकात या. तिने काही खाल्लंय का?"

"सोमवार आहे. उपास."

"बरं झालं."

फोन तुटला. श्रीधरने इंदूरचा नंबर लावला. "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं." पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लावायला बोट टेकवलं, तोवर मध्येच कोणाचा तरी फोन आला, "भैया, दो कमरे..." त्याने तो कापला आणि काउंटरवरून उडी मारून बाहेर पडला.

गल्ली माणसांनी गच्च भरली होती आणि सगळी माणसं एकाच दिशेने येत होती, त्याच्या अंगावर. तो उलटा चालत होता. कोणाच्या डोक्यावरची पिशवी लागली, कोणी म्हणालं, "अरे अंकल, उल्टे कहाँ?" बॅरिकेडपाशी हवालदाराने काठी आडवी धरली.

"दर्शन की लाइन उधर है भाईसाहब."

"दर्शन नहीं करना है. बाहर जाना है."

"आज के दिन बाहर?" हवालदार हसला.

"मेरी घरवाली की किडनी मिली है, और फोन मैंने काट दिया," श्रीधर म्हणाला. त्याच्या एका हातात मोठा फोन होता, दुसऱ्यात उघड्या झाकणाचा. हवालदाराने दोन्हींकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी उचलली.

पुढचा रस्ता त्याला नंतर कधीच नीट आठवला नाही. तो पळत होता, थांबून नंबर लावत होता, पुन्हा पळत होता. गर्दी विरळ झाली तिथे एक रिक्षा मिळाली. रिक्षात बसल्यावर त्याच्या डोक्यात एक विचार आला आणि त्याची त्यालाच भीती वाटली. अहल्याताई चौकात नसतील. त्या का असाव्यात? त्यांना काहीच करायचं नाही. फक्त गप्प बसायचं. फक्त गाडी सरळ इंदूरकडे हाकायची. बारा वाजतील आणि अनयचं नाव पक्कं होईल, आणि त्याबद्दल जगात कोणी त्यांना बोल लावणार नाही. श्रीधरलाही लावता येणार नाही. कमरा खाली नाही, हे तर तोच म्हणाला होता.

गाडी चौकात होती. मागच्या सीटवर भार्गवी आणि अनय, पुढे ड्रायव्हरशेजारी अहल्याताई मांडीवर पर्स घट्ट धरून. श्रीधर मागे भार्गवीशेजारी शिरला. भार्गवी त्याच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे कोरडे होते.

"माई?" त्याने विचारलं.

"देवापुढे बसल्यात. फोनला मीच सोवळ्यात बसवलं, म्हणाल्या."

गाडी इंदूरच्या रस्त्याला लागली. अनयने गुडघे पोटाशी ओढून घेतले होते, तिघांना जागा व्हावी म्हणून. श्रीधर नंबर लावत राहिला; लाइन अजून व्यस्तच होती. तेवढ्यात अहल्याताईंचा फोन वाजला.

त्यांनी तो लगेच उचलला नाही. एकदा मान वळवून मागे बघितलं, पण भार्गवीकडे नाही. मुलाकडे. अनयने खिडकीबाहेर तोंड केलं. मग हळूच, आईलाही नाही, काचेलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "उचल ना, आई. कट होईल."

"जी," अहल्याताई फोनमध्ये म्हणाल्या. "जी, निकल गए हैं." पलीकडची बाई काहीतरी विचारत होती. गाडीतल्या प्रत्येकाला तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. शाळेत हजेरी घेताना निघत असेल तसा एक कोरडा, स्पष्ट आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला.

"मैडम, आपका पहला पेशंट मिल गया है. भार्गवी. मेरी गाड़ी में बैठी है. उसके पति भी हैं. लीजिए, बात कीजिए."

त्यांनी फोन मागे दिला. तो श्रीधरने घेतला, तेव्हा भार्गवीने खालून स्वतःचा हात लावला. तो फोनमध्ये म्हणाला, "हाँ, मैडम. हाँ. आ रहे हैं."

रक्त दोघांचंही घेतलं गेलं. जुळणी भार्गवीची झाली. संध्याकाळी तिला आत नेलं, तेव्हा अनय बाकावर बसून होता. तिच्या स्ट्रेचरला हात लावून तो म्हणाला, "काकू, चांदीची वाटी विसरू नका." अहल्याताई कॅन्टीनमधून चहा घेऊन आल्या आणि श्रीधरच्या हातात कप देताना म्हणाल्या, "आभार मानू नका. मला ते आज ऐकवणार नाही." त्याने मानले नाहीत.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. भार्गवी आता घरात हिंडते, माईंशी वाद घालते. अनय अजून मशिनवर आहे. आता यादीत तो पहिला आहे, आणि शेजारच्या खाटेवर दुसरं कोणीतरी असतं.

झाकणाच्या फोनात श्रीधरने नवीन सिम घातलं. पहिले तीन दिवस तो त्यावरून सकाळी अहल्याताईंना फोन करून विचारायचा, "तुमचा लागतोय ना?" चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "श्रीधरराव, तुम्ही करू नका. वाजला की मला वाटतं इंदूरचेच आहेत. माझ्याने होत नाही. मीच करत जाईन."

तेव्हापासून रोज सकाळी तो काळा फोन वाजतो. माई देवघरातून ओरडतात, "अरे, उचल!" श्रीधर झाकण उघडतो.

"लागला," अहल्याताई म्हणतात.

"लागला," तो म्हणतो.

आणि दोघंही लगेच ठेवून देतात. लाइन मोकळी राहायला हवी.