चार पायांचा साप

“मी बसवलेली चेन अडकली ना, तर हे मशीन उचलून विहिरीत टाकीन!” शिंपीणबाई सकाळी म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी दोन कर्तेसवरते पुरुष त्यांच्या सापात अडकले. मशीन जड होतं, विहीर लांब होती. म्हणून तेवढं राहून गेलं.

साप चर्चमधल्या मुलांच्या नाटकातला. हिरव्यागार कापडाचा, खोलीभर लांब, आणि चार पायांचा. पायांचा हट्ट बाईंच्या वडिलांचा. म्हातारबा रविवारच्या शाळेचे मुख्य. शास्त्रातलं सगळं त्यांना काना-मात्रेसकट खरं.

“सापाने पहिल्या बाईला फळ खाऊ घातलं, म्हणून त्याला पोटावर सरपटायची शिक्षा झाली. म्हणजे आधी चालत होता. आणि चालायला पाय लागतात, पोरी.”

बाईंनी हे घरी सांगितलं. नवरा जीवशास्त्राचा मास्तर. देव मानायचा, पण त्याने सहा दिवसांत सृष्टी केली ही गोष्ट कवितेसारखी वाचायची म्हणायचा. तो टुणकन उठला.

“पाय हवेतच! सापांचे पूर्वज पायवालेच होते. दगडात हाडं सापडलीत!”

तीन वर्षांत सासरे-जावयाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही एकमेकांशी न बोलता. तीन वर्षांपूर्वी बाईंच्याच जेवणाच्या टेबलावर मास्तर म्हणाले होते, “सूर्य झाला चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस मोजले कशावर, बाबा?” म्हातारबांनी चमचा ठेवला, टोपी घातली आणि चालू लागले. तेव्हापासून ती खुर्ची रिकामी. बाईंना दुसरं काही नको होतं. त्या खुर्चीत बाप हवा होता आणि समोर नवरा.

एका दुपारी शिवता शिवता त्यांचा डोळा लागला. हिरवं कापड पाण्यासारखं खोलीभर चढत गेलं. साप स्वयंपाकघरात आला, पायपुसण्यावर चारही पाय नीट पुसले आणि रिकाम्या खुर्चीत बसला. “मला दोन माणसं लागतील हो,” म्हणाला. बाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांची बाही सापाच्या शेपटीला शिवली गेली होती.

सापात शिरायला त्यांनी बापाला वेगळं गाठलं, नवऱ्याला वेगळं; पुढच्या पायांत कोण, मागच्या पायांत कोण, हे कुणालाच सांगितलं नाही. नाटकाच्या दिवशी पडद्यामागे आधी बापाला आत घातलं, मग नवऱ्याला, आणि कुणी मागे वळून बघायच्या आत चेन ओढली.

साप झोकात चालला. शाप मिळाल्यावर धाडकन पोटावर पडला. टाळ्या झाल्या. मग चेन काही उघडेना. “कात्री घरी,” बाई म्हणाल्या. तेव्हा साप रस्त्याने निघाला, बाई शेजारून.

“काहीच दिसत नाही,” बापाचा आवाज आला. “उजेड आहे का मावळला?”

“पुढे तुम्ही आहात, बाबा,” शेपटीकडून मास्तर म्हणाले.

“सगळं हिरवं आहे नुसतं. सूर्य नसला म्हणजे दिवस केवढा, ते कळतच नाही की!”

बाईंनी शेपटीकडे पाहिलं. पण मास्तरांना जिंकायला सवड नव्हती. ते नेमके फूटपाथवरून घसरले.

“बाबा, हे चार पाय आपोआप नाही हो जमत. कुणीतरी मोजायला पाहिजे.”

“मग तीन वर्षं मी वेगळं काय सांगतोय? चला. एक, दोन!”

दिव्यांच्या पिवळ्या उजेडातून साप तरंगत गेल्यासारखा घरी आला. बाईंनी त्याला टेबलाभोवती वळवून बसवलं. तोंड रिकाम्या खुर्चीत, शेपटी समोर. बापाला सापाच्या तोंडातून सूप भरवलं. शेपटीपर्यंत काही पोचेना.

“पाव मागे द्या ना, बाबा.”

“आधी सहा दिवस म्हणा.”

“सहा म्हणतो. केवढे, ते विचारू नका.”

“घ्या मग, जावईबापू. अर्धाच देतोय.”

बाई हनुवटीला हात लावून बघत राहिल्या. सूप संपेपर्यंत त्यांना कात्रीची आठवणच झाली नाही. मग उठून त्यांनी सगळे खण उलटेपालटे केले.

कात्री सकाळपासून सापाच्या शेपटीत होती. मास्तर तिच्यावरच बसले होते.