चौदाव्या पानावरचा कुत्रा

मित्रांनो, मी पुस्तक आहे खरे, पण पुरते नव्हे. एका थोर इटालियन कादंबरीची मी सोपी आवृत्ती आहे. ती कादंबरी उशीएवढी जाड, तर मी पाटीएवढे पातळ. इटालियन भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी एका शिक्षिकेने मला तयार केले. तिने लाल पेन्सिलीने लांब वाक्ये तोडली, अवघड शब्द गाळले, समुद्रातली वादळे कमी केली. गोष्टीतल्या नावाड्याचा म्हातारा कुत्राही काढून टाकला. त्याच्यावाचून काही अडत नाही, असे तिला वाटले. माझ्या चौदाव्या पानावरच्या चित्रात नावाडी होडीत एकटाच बसला आहे. त्याच्या पायाशी कोण असायला हवे होते ते मला ठाऊक होते. पण मी सांगणार कसे? जे छापले, तेवढेच आमचे बोलणे.

माझ्यासारख्यांचे नशीबही विचित्र. ज्याला माझ्यामुळे भाषा येऊ लागते, तो मला सोडून मोठ्या पुस्तकाकडे जातो. मी नीट शिकवले याची खूण हीच, की मला पुन्हा कुणी उघडत नाही. असे काही हात फिरून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर येऊन पडले.

तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घरी नेले. तिचे सासरे तरुणपणी इटलीहून जहाजाने आले होते आणि फरश्या बसवता बसवता इथलेच होऊन गेले. मुलगा चारचौघांत वेगळा पडू नये म्हणून आपली भाषा त्यांनी घरात कधी आणलीच नाही. म्हातारपणी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि जन्मभर बोललेली इथली भाषा पार पुसून गेली. उरली ती आईच्या मांडीवर शिकलेली. काही दिवस ते त्या भाषेतून बोलले. घरातले नुसत्या माना डोलवत. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि बोलणेच टाकले. असेच चालले तर आहे तेही बोलणे जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

म्हणून ती बाई मला शिवणयंत्रावर उघडे ठेवी आणि बाह्या जोडता जोडता शब्द घोकी. शेजारीण दारातून म्हणाली, “नशीबवान गं तुझा सासरा! माझी सून आपल्याच भाषेत माझ्याशी धड बोलत नाही.”

दुपारी ती खाटेजवळ बसून मोठ्याने वाची. तिचे उच्चार ऐकून माझी पाने शहारत. प्रत्येक धड्याखाली प्रश्न होते. होडीत कोण बसले आहे? तो कुठे चालला आहे? ती विचारी, वाट पाही आणि शेवटी स्वतःच उत्तर देई. सासरे भिंतीकडेच पाहत. मी संपले. तिने मला पुन्हा पहिल्यापासून धरले.

या खेपेला चौदाव्या पानाशी ते हळूच वळले आणि एकच शब्द बोलले. ती दचकली. घाईघाईने तिने माझ्या शेवटच्या पानांवरचे शब्दार्थ धुंडाळले. तिथे तो शब्द कसा असणार? कुत्राच काढला, तिथे त्याचा शब्द कोण ठेवतो! मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या पातळपणाचे फार वाईट वाटले. त्यांनी शब्द पुन्हा उच्चारला. तिला कळेना. तेव्हा त्यांनी बोट नावाड्याच्या पायाशी टेकवले, तोंड वर केले आणि चक्क भुंकले.

ती हसली. मग तेही हसले.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि हे ऐकून खालीच बसला. “बाबा भुंकले? आणि तू हसतेस?”

“अहो, पुस्तकातला कुत्रा गळलाय,” ती म्हणाली. “बाबांना माहितीये तो कुठे होता.”

त्या दिवसापासून ते रोज थोडी थोडी मोठ्या कादंबरीतली कुत्र्याची गोष्ट सांगू लागले. तो होडीमागे कसा पोहत आला, वादळात कसा ओरडत राहिला. तिला निम्मे कळे. मला सगळे कळे. तिने पेन्सिलीने माझ्या चौदाव्या पानावर कुत्रा काढला. तो जरा बोकडासारखा झाला, पण त्यांनी मान्य केला. तिच्या नवऱ्याला मात्र एकही शब्द जमला नाही. तो कामाला निघताना दारातून भुंकायचा आणि आतून उत्तर यायचे. बापलेकांचे इतके बोलणे त्या घरात आधी कधी झाले नव्हते, असे ती शेजारणीला सांगे.

पुढच्या थंडीत सासरे गेले.

आता मी कपाटावर आहे, कापडाच्या तुकड्यांखाली. कुणासाठी वाचायचे, म्हणून ती मला उघडत नाही. कधी शिलाई मारताना तिच्या तोंडून माझा एखादा शब्द निसटतो. ती थांबते. उत्तर मला येते, पण देता येत नाही. नवरा सकाळी डबा घेऊन दारात जरासा घुटमळतो आणि निघून जातो.

मित्रांनो, पातळ पुस्तकांना हसू नका आणि शिकून झाले म्हणून आम्हाला विसरू नका. आमच्यात जागोजागी गाळलेले असते. तिथेच कुणाला तरी काही सांगायचे असते. तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि चुकत चुकत वाचा. शब्द सापडला नाही, तर खुशाल भुंका.