दाराजवळचा बाक

त्या गुरुवारी मधल्या सुट्टीत मी वर्गात शिरले, तेव्हा बाबांचे फक्त पाय दिसत होते. दाराजवळच्या शेवटच्या बाकाखाली ते उताणे पडले होते आणि खालून भोक पाडायच्या गिरमिटाची करकर ऐकू येत होती.

"कोण, मास्तरीणबाई का?" त्यांनी तिथूनच विचारलं. माझी चाल ते ओळखायचे. "जरा हा स्क्रू धर."

बाबांना कॉलेजात सगळे मिस्त्री म्हणत. बत्तीस वर्षं तिथले बाक, खिडक्या, फळे त्यांनीच बसवले आणि दुरुस्त केले होते. आमच्या घरचं टेबल मात्र पुठ्ठ्याच्या घडीवर उभं असे. दिव्याखाली अंधार, असं आई म्हणायची. मी त्याच कॉलेजात शिकले आणि आता तिथेच पहिल्या वर्षाला गणित शिकवत होते.

ते बाकाच्या फळीखाली हुक बसवत होते. कशासाठी, असं मी विचारलं.

"तुझ्या त्या दारवालीसाठी. दप्तर मांडीवर घेऊन बसते. तासभर. आत्ता गाडी येईल आणि आपण सुटू, अशी."

ती मुलगी माझ्याही नजरेत आली होती. म्हणूनच सोमवारी मी तिला सगळ्यांसमोर उठवून पहिल्या बाकावर बसवलं होतं. तिथे ती मान खाली घालून बसली आणि मंगळवारी पुन्हा दाराशी गेली. बुधवारी आलीच नाही. माझा हेतू चांगला होता, असं मी बाबांना सांगितलं.

"असेल की. पण आधी भोक पाडावं, मग स्क्रू पिळावा. सरळ ठोकलं की लाकूड चिरतं."

"माणसं लाकूड नसतात, बाबा."

"नसतात. लाकूड तुला निदान करकरून सांगतं तरी." ते बाहेर आले आणि त्यांनी केसांतला भुसा झटकला. "हुक आहे, एवढंच तिला सांग. बाकी काही शिकवू नकोस."

बघते, असं म्हणून मी उत्तरपत्रिका गोळा केल्या. तेवढ्यात दारात दोन मुलं आली. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "झालं का मिस्त्री?" "झालं मॅडम," असं म्हणून बाबांनी हत्यारांची पेटी उचलली.

ही सवय जुनी होती. मी विद्यार्थिनी होते तेव्हा एकदा वर्गाची खिडकी अडकली आणि मैत्रिणींनी मला मिस्त्रींना बोलवायला धाडलं. मी गेले आणि "अहो मिस्त्री" अशी हाक मारली. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पटाशी घेऊन मागोमाग आले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासोबत न येता घरून वीस मिनिटं आधी निघू लागले. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मी शिकवायला लागले, मला मान मिळाला, तरी ते वीस मिनिटं आधीच निघत राहिले आणि मीही त्यांना थांबवलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

दोन आठवड्यांनी मी कामावर परतले. सुतारकामाच्या खोलीला कुलूप होतं. दुपारी ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. तिला प्रवेश रद्द करायचा होता आणि अर्जावर माझी सही हवी होती. गणित जड जातंय का, असं मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. गणित तर तिला आवडत होतं. तिच्या घरातलं कुणीच कधी कॉलेजात गेलेलं नव्हतं.

"मॅडम, इथे बाकीच्यांना सगळं आधीपासूनच माहीत असतं. कुठे बसायचं, कधी हसायचं. मला चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरल्यासारखं वाटतं. कुणी विचारायच्या आत निघून गेलेलं बरं."

मी अर्ज हजेरीपटात ठेवला. आजच्या तासाला बस, मग सही करते, असं म्हणाले.

तासाला ती दाराशीच बसली, सॅक मांडीवर. मी फळ्यावर पहिलं समीकरण मांडलं आणि खडू खाली ठेवला. मग चालत शेवटच्या बाकाशी गेले.

"सरक जरा."

ती गडबडून सरकली. मी तिच्या शेजारी बसले. सगळा वर्ग माना वळवून मागे पाहू लागला. कुणीतरी म्हणालं, आज मॅडमना शिक्षा झाली वाटतं. हशा पिकला; तीही किंचित हसली.

"पहिल्या वर्षी मी याच बाकावर बसायचे," मी म्हणाले. "वर्षभर, मांडीवर दप्तर घेऊन. वाटायचं, आज ना उद्या कुणीतरी येईल आणि विचारेल, तू इथे कशी? कुणी आलं नाही. पण वाट बघण्यात माझं वर्ष गेलं."

पुढच्या रांगेतला, नेहमी सगळ्यांआधी हात वर करणारा मुलगा हळूच म्हणाला, "मला अजूनही तसं वाटतं, मॅडम." त्याच्याकडे पाहून आणखी दोघांनी माना डोलावल्या. मुलीने डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहिलं.

मी तिला हलकेच सांगितलं, "फळीखाली हात घाल."

तिने चाचपलं. तिची बोटं हुकावर थांबली. मग तिने सॅक उचलून हुकाला अडकवली आणि मोकळे झालेले हात बाकावर ठेवले. वही उघडली. हजेरीपटातल्या अर्जाचं तिने नाव काढलं नाही, मीही नाही.

"आमच्या बाकाला नाही हुक," शेजारच्या रांगेतली एक मुलगी वाकून खाली बघत म्हणाली. "यालाच कुणी लावला?"

"मिस्त्रींनी," मागून कुणीतरी म्हणालं. "ते वारले ना, त्यांनी. मी बघितलं होतं."

मी उठून उभी राहिले. एक हात बाकावरच होता. फळीची कड बाबांनी घासून गोल केलेली होती. आजवर माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"हो, मिस्त्रींनी," मी म्हणाले. "ते माझे बाबा होते. मी इथे तीन वर्षं शिकले, सहा वर्षं शिकवलं, पण या वर्गात त्यांना कधी बाबा म्हटलं नाही. आज म्हणते. हा हुक माझ्या बाबांनी लावला."