शंभर टक्के आणि नानांचे पूल

ऑफिसात तिला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते भयंकर आवडायचं. पुलांचे आराखडे काढणाऱ्या त्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तिच्या एकटीच्या ताब्यात होते. कुणाचा माउस रुसला, कुणाचा प्रिंटर अडून बसला, की ठिणगी हजर! पण त्या सकाळी रुसला होता तो थेट सर्व्हर, आणि सगळ्यांच्या फायली तर त्याच्याच पोटात. आराखड्यावर क्लिक करावं, आरामात चहा पिऊन यावं, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र आपलं गरगरतंच आहे.

"ठिणगे, तुझ्या सर्व्हरने संप पुकारलाय का गं?" कुणीतरी ओरडलं.

"संप कसला, ओव्हरटाइम करतोय बिचारा!"

आणि ते खरंच होतं. त्याचा प्रोसेसर शंभर टक्क्यांना जाऊन चिकटला होता.

हा सर्व्हर म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हतं. मागच्या गार खोलीत एकच दणकट मशीन होतं आणि त्याच्या आत तीन आभासी सर्व्हर राहायचे, एका घरात तीन बिऱ्हाडं राहावीत तसे. एक फायलींचं, एक ईमेलचं, एक हिशेबाचं. ठिणगीने आधी सोपा उपाय केला. फायलींच्या बिऱ्हाडाला दोन प्रोसेसर होते, ते शेजाऱ्यांकडचे घेऊन चार करून टाकले. त्याने चारही गिळले, साधी ढेकरसुद्धा दिली नाही, आणि शेजारचं हिशेबाचं बिऱ्हाड उपाशीपोटी कुरकुरायला लागलं.

मग तिने मागचा आलेख उघडला. भाराची रेघ कित्येक महिने जमिनीलगत सरपटत होती आणि काल, सोमवारी संध्याकाळी, एकदम आभाळाला भिडली होती. काल संध्याकाळी काय झालं होतं? नानांचे पूल सर्व्हरवर चढले होते.

नाना म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. त्यांनी हाताने काढलेले पुलांचे कागद वाळवीच्या तोंडी जायला लागले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत बसून बसून त्यांनी एकेक कागद स्कॅन केला होता. मूळ कागद आता उरलेही नव्हते. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. "मी गेल्यावर कुणाला वाटलंच, तर उघडून बघतील," एवढंच म्हणायचे.

"सापडला चोर!" ठिणगीने भर ऑफिसात जाहीर केलं. "नानांचे पूल!"

मॅडम, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई, केबिनमधून बाहेर आल्या. "नक्की?"

"शंभर टक्के!"

"मग एका हार्ड डिस्कवर उतरवून घे आणि संध्याकाळी सर्व्हरवरून पुसून टाक. डिस्क माझ्या कपाटात ठेवू."

मॅडमचं कपाट! त्यात गेलेली वस्तू आजवर कुणाला परत दिसली नव्हती. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

नानांचे पूल एका स्वतंत्र आभासी डिस्कवर होते. ठिणगीने त्यांची प्रत काढून घेतली आणि ती डिस्क सर्व्हरपासून सोडवून बघितली. थोड्याच वेळात रेघ धपकन खाली! आराखडे पटापट उघडायला लागले, टाळ्या वाजल्या, कुणी शिट्टीही मारली. ठिणगी दोन इंच उंच झाली.

तेवढ्यात नाना तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, एक विचारू? हसू नकोस हं."

"विचारा ना, नाना."

"माझे पूल अजून कुणी उघडलेले नाहीत. मीसुद्धा नाही. आता समज, मी गाढ झोपलोय आणि घरात भांडी वाजतायत, तर ती वाजवतंय कोण?"

ठिणगी पुन्हा आलेखाकडे वळली. पडून असलेली फाइल जागा खाते, प्रोसेसर नाही खात. हे तर तिला कॉलेजपासून माहीत होतं! म्हणजे कुणीतरी त्या फायलींना सारखा हात लावत होतं.

काम झालं होतं. टाळ्याही झाल्या होत्या. तरीसुद्धा तिने नानांची डिस्क परत जोडली आणि रेघ वर चढायला लागल्यावर, या वेळी आलेख सोडून, चालू असलेल्या कामांची यादी उघडली. एकच नाव. खाली तेच. त्याच्याही खाली तेच. वरवर ते सर्व्हरचंच घरकाम वाटत होतं. आता तिने खोदून बघितलं, की हे काम सुरू कुणी केलं.

पहारेकरी.

पहारेकरी तिचा स्वतःचा होता. मागे कुणीतरी एक आराखडा ओढून भलत्याच फोल्डरमध्ये टाकला होता आणि ऑफिसभर रडारड झाली होती, म्हणून तिने हौसेने हा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. दर मिनिटाला निघायचं, सगळ्या फायली मोजायच्या, एखादी कमी भरली तर बोंब मारायची. फायली बेताच्या होत्या तोवर त्याची फेरी चुटकीसरशी संपायची. नानांचे पूल आले आणि ती मिनिटात संपेना. पहिला परतायच्या आत दुसरा निघे, त्याच्या मागून तिसरा. आत पहारेकऱ्यांचीच झुंबड उडाली होती. एकाचीही फेरी पुरी न झाल्याने पूल त्यांच्या मोजणीत चढलेच नव्हते, म्हणून डिस्क सोडवली तेव्हाही कुणी बोंब मारली नव्हती. आधीचा परतल्याशिवाय निघू नकोस, एवढं साधं त्याला सांगायला ती विसरली होती.

तिचे कान तापले. पहारेकरी गुपचूप थांबवले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पूल कपाटात, सर्व्हर खूश, ठिणगी हुशार. तिने मान वळवून पाहिलं. नाना आपल्या टेबलावर पेन्सिलींना टोक करत बसले होते, ज्यांची आता ऑफिसात कुणालाच गरज नव्हती.

चोर ठरवलं भर ऑफिसात, आणि सोडायचं कानात कुजबुजून? छे!

ती खुर्चीवरून उठली. "ऐका सगळे! चोर सापडला!"

"परत?"

"या वेळचा खरा आहे. मीच." आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पहारेकऱ्यांनीच घर खाल्लं म्हण की!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"सकाळी शंभर टक्के म्हणाली होतीस."

"सकाळी मी फक्त तारीख बघितली, मॅडम. काम कोण करतंय ते बघितलंच नाही. नाना, चुकलं माझं."

मॅडम केबिनकडे वळल्या. "पूल जिथल्या तिथे राहू देत. आणि पुढच्या वेळी आधी यादी, मग घोषणा."

ठिणगीने पहारेकऱ्यांना एकेक करून घरी पाठवलं. एकच ठेवला, संध्याकाळी एकदा फेरी मारणारा. शेजाऱ्यांचे प्रोसेसर शेजाऱ्यांना परत केले. रेघ खाली आली, आणि या वेळी नानांचे पूल जागेवर असताना आली.

मग तिने त्यातला पहिला उघडला. पेन्सिलीने काढलेल्या केसाएवढ्या रेघा, एका कमानीखाली पुसट अंगठ्याचा ठसा.

"उघडलास?" मागून नानांचा आवाज आला.

"हं. भार किती वाढतो ते बघतेय."

"किती वाढला?"

"जाणवलासुद्धा नाही, नाना."

नानांनी शेजारची खुर्ची ओढली. "मग पुढचा उघड. तो बांधताना पडता पडता वाचलाय."