दुसऱ्या हौदातले मासे

संध्याकाळी सहाला मत्स्यबीज केंद्राच्या फाटकापासून हौदापर्यंत मुंगी शिरायला जागा नव्हती. चमत्कारांसाठी नावाजलेल्या बाबांनी बाह्या सरसावल्या, पहिल्या हौदात हात घातला, डोळे मिटले. "बाळांनो, मोकळे व्हा!" आणि काय सांगावं, बंदिस्त पाण्यात आपणहून कधी अंडी न घालणारे ते मासे पाणी घुसळायला लागले! घटकाभरात हौदभर अंडी, काचेच्या मण्यांसारखी. लोकांनी बाटल्या पुढे केल्या. केंद्राचे मालक घामाघूम होऊन त्यात हौदाचं 'औषधी' पाणी भरून देत होते.

केंद्रातल्या संशोधक बाई भिंतीला टेकून बघत होत्या. कोणत्या खाद्याने माशांच्या पोटात चांगली अंडी धरतात, हा त्यांचा अभ्यास. तीन महिने त्यांनी या माशांना मोजूनमापून खाऊ घातलं होतं. आता त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. आई गेल्यापासून आत सगळं बधिर होतं. आईच्या अंडाशयात गाठ होती. ऑपरेशन झालं तेव्हा फार उशीर झाला होता. आता तसलीच गाठ धाकट्या बहिणीला, आणि ही बया बाटली घेऊन रांगेत उभी!

"डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा तू गेली नाहीस," बाई म्हणाल्या.

"ताई, जो माशांची पोटं मोकळी करतो, तो माझी गाठ नाही का विरघळवणार? बाबाच म्हणाले."

"आणि चाकू लावलास तर कृपा आटेल, असंही म्हणाले असतील."

धाकटीने बाटली पदराआड धरली.

बाईंनी जाळीने पहिल्या हौदातली एक मासोळी उचलली. पराच्या बुडाशी बारीक लाल टिपका. सुईचा. असे टिपके त्यांनी स्वतः शेकड्यांनी केले होते. आज सकाळी मालकांनी त्यांना पाण्याचे नमुने पोचवायला उगाच का पिटाळलं, तेही लक्षात आलं. बाबा यायच्या दिवशी दर वेळी हेच! अस्सं होय!

"बाबा, दुसऱ्या हौदातही हात घाला की. जात तीच, वय तेच, खाद्यही माझंच."

बाबा हसले. "बेटी, कृपा म्हणजे काय नळाचं पाणी आहे, तोटी फिरवली की आलं?"

"पहिल्या हौदात तर बरोबर सहाला आलं."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. "घाला ना बाबा, घाला!"

आता बाबांचा नाइलाज झाला. हात घातला. तास गेला. मासे आपले निवांत फिरत होते. शेवटी बाबांनी हात पुसला. "या हौदाला कुणाची तरी नजर लागलीय."

"असेल. उद्या सकाळी नऊला या सगळे, मी उतरवते," बाई म्हणाल्या.

सकाळी वीसेक माणसं आली. बाबा आले नाहीत. बाईंनी सगळ्यांसमोर दुसऱ्या हौदातल्या माशांना एकेक करून सुई टोचली. "हे संप्रेरक. चांगलं खाद्य मिळून अंडी पिकलेली असली, की याने आठ-नऊ तासांत ती सुटतात. काल मालकांनी सकाळी टोचलं, बाबा संध्याकाळी उगवले."

"बाई, आपलं मत्स्यबीज कुणी विचारत नव्हतं हो, बाबांमुळे गिऱ्हाईक आलं," मालक पुटपुटले.

संध्याकाळी दुसरा हौद घुसळून निघाला. पाण्यात कुणाचाच हात नव्हता. एका म्हातारबांनी सवयीने बाईंनाच हात जोडले.

"हात नका जोडू, आजोबा. प्रश्न विचारा. मलासुद्धा. हात न लावता होतं का, आधी काय केलं होतं, विचारा. खरं असेल ते विचारल्याने पळून जात नाही."

लोक पांगले. धाकटी कठड्यावर बसून राहिली. "म्हणजे माझी गाठ..."

"वाढली असेल."

"ताई, असं कसं गं कोरडं बोलतेस?"

"आईला चार महिने अशाच एका बाबाकडे नेलं होतं. मी नेलं होतं. एवढी शिकलेली मी, आणि एक प्रश्न विचारला नाही."

धाकटीने ताईकडे बघितलं. ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. ती हमसून हमसून रडायला लागली. बाईंना रडू येत नव्हतं. त्यांनी फक्त तिचा हात घट्ट धरला.

"डॉक्टर उद्या सकाळी साडेसातला तपासतो म्हणालेत. येशील?"

धाकटीने पदराने नाक पुसलं.

"उपाशीपोटी यायचं का गं?"