एकोणीस गावांची आजी

सकाळपासून तिसऱ्यांदा दूध उतू गेलं तेव्हा आरोही म्हणाली, "आत्या, तुमी आता गॅसपासून लांबच बसा."

आरोही माझी सून. मी "बसते" म्हणाले आणि उभीच राहिले. हातात फोन होता. उघडत होते, मिटत होते.

आमच्या सिरसाळ्याच्या सप्ताहाचा तो शेवटचा दिवस. दहा वाजता काल्याचं कीर्तन, तेही सोमेश्वर महाराजांचं. सहा वर्षं ज्यांना मी नुसतं व्हिडिओवर ऐकलं ते महाराज चार घरं सोडून अर्जुनरावांकडं उतरलेले. एरवी मी पहाटेच जाऊन पाया पडून आले असते. त्या दिवशी उंबरठा ओलांडवेना.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मला कीर्तनं उतरवून घ्यायचा नाद लागला. आधी वहीत लिहायचे. पण महाराज रंगात आले की माझा हात कुठला पुरतोय! मग आरोहीनं लॅपटॉपवर दाखवलं: व्हिडिओखाली ट्रान्सक्रिप्ट उघडायचं, सगळा मजकूर उचलायचा आणि आपल्या नोट्समध्ये टाकायचा. यंत्र जे उतरवतं त्याला पूर्णविराम नाही की काही नाही, मृदंग घुमला की ते नुसतं 'संगीत' लिहून मोकळं होतं. मी व्हिडिओ पुन्हा ऐकते, मजकूर नीट करते, वर गाव, तिथी आणि दृष्टांत लिहिते. त्या नोट्स फोनवरही दिसतात. अशी दोनशे अकरा कीर्तनं झाली.

त्यातली पहिली नोट युसूफ वडगावची. ते माझं माहेर.

माझी आई, बायनाबाई, बाजारात भाजी विकायची. तोंडानं लई फटकळ. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो की पोटची पोर, तिच्या लेखी सगळे 'मुडदे'. मला कधी मांडीवर घेतलेलं आठवत नाही. देवळात तर जायचीच नाही. ती गेली तेव्हा, खरं सांगते, माझ्या डोळ्यात पाणी आलं नाही आणि त्याचीच मला भीती वाटली.

दोन महिन्यांनी भावानं, तानाजीनं, एक व्हिडिओ पाठवला. वडगावच्या सप्ताहातलं कीर्तन, आई जायच्या वर्षीचं. सोमेश्वर महाराज सांगत होते, "काल तुमच्याच गावात एक आजी बघितली. मंडपाच्या दाराशी बसून लोकांच्या चपला जोडीनं लावत होती, तोंडं बाहेर करून. म्हटलं, आजी, आत या. तर हात जोडून म्हणाली, महाराज, चप्पल हरवली की घरी जाताना माणसाच्या डोक्यात कीर्तन राहत न्हाई, चप्पलच राहती. तेवढं राखते." तानाजीनं खाली लिहिलेलं, 'ताई, ही आपली मायच. त्या दिवशी ती मंडपाकडं गेलती, म्या बघितलं.'

त्या दिवशी मी आईसाठी पहिल्यांदा रडले. मला एक मऊ आई मिळाली होती. यंत्रानं उतरवलेला तो मजकूर मी जपून ठेवला आणि तिथून हा नोट्सचा पसारा सुरू झाला.

परवा म्हटलं, महाराज यायचेत, एकेक दृष्टांत एका जागी करावा. शोधायच्या चौकटीत 'चपला' लिहिलं. एकोणीस नोट्स आल्या. एकेक नीट करताना मला वाटायचं, महाराज माझ्याच आईची गोष्ट गावोगाव नेतायत; सगळ्या एकाखाली एक आज पहिल्यांदाच बघितल्या.

पालीतही तीच आजी. केजकडच्या दोन गावांतही तीच. प्रत्येक ठिकाणी "काल तुमच्याच गावात". कुठं ऐंशीची, कुठं आंधळी, कुठं अंगावर घोंगडी. बोलणं मात्र सगळीकडं तेच, हात जोडून, गोड.

"मग काय झालं आत्या?" आरोही म्हणाली होती. "दृष्टांत तसाच सांगत्यात की. एकच साडी दहा लग्नांत नेसावी तसं."

"पण मग माझी आई त्यात हाय का न्हाई?"

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी आठ वाजता गेलेच. महाराज ओसरीवर चहा पीत होते. अर्जुनराव मोठ्यानं म्हणाले, "या वनमालाबाई! महाराज, ह्या तुमची कीर्तनं फोनात कोंडून ठेवत्यात बरं का."

"कोंडून न्हाई, जपून," मी म्हणाले आणि फोन महाराजांपुढं धरला.

त्यांनी चष्मा लावला. आधी हसत वाचलं. मग बोट सावकाश सरकायला लागलं. पाली. वडगाव. पुढचं गाव. पुढचं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माउली, हे मला काहून दाखवताय?"

"पकडायला न्हाई आले, महाराज. वडगावात माझी आई होती. ती आजी तीच का, एवढंच सांगा."

अर्जुनराव चुळबुळले. "अहो बाई, कीर्तनाच्या आधी हे काय काढलंत?"

महाराजांनी हातानं त्यांना थांबवलं. "खोटं न्हाई बोलणार. लई वर्षं सांगतोय. एक बघितली होती, एवढं खरं. ती कुठली, ते आता न्हाई आठवत. सांगता सांगता तिला मीच घडवत गेलो." त्यांनी फोन परत दिला.

कीर्तनाला बायकांत जाऊन बसले. महाराजांचा आवाज चढला, टाळकरी नाचले, बाळकृष्णाच्या खोड्यांवर बाया हसून लोटपोट झाल्या. मग ते वळण आलं. एकोणीस वेळा नीट केलेला मजकूर, मला पाठ होता. आत बसलेले गोपाळ, बाहेर राहिलेले गोपाळ... आणि पुढं आजी. महाराज तिथं आले, बायकांच्या बाजूला बघितलं आणि आजी सोडून पुढं गेले.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं. कितीतरी जणींना त्या आजीत आपापली माय सापडली असेल. मी तिला दारातून उठवलं होतं.

काय अंगात आलं कळेना, उभीच राहिले. "महाराज, चपलांची आजी राहिली!"

सगळा मंडप माझ्याकडं वळला. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा ओ मावशी!"

महाराज थांबले. "ती कुठल्या गावची, माउली?"

"कुठली का असंना. सांगा तुमी."

त्यांनी डोळे मिटले. मृदंग थांबला. मग 'काल तुमच्याच गावात' न म्हणता सुरू केलं. "गाव आठवत न्हाई. दाराशी बसलेली, चपला लावत. म्हटलं, आजी, आत या. आजवर मी सांगत आलो, तिनं हात जोडले. न्हाई जोडले, माउली. या गादीवरून कसं सांगायचं म्हणून लपवत होतो. ती माझ्यावर खेकसली. म्हणाली, मुडद्या, तू आत जाऊन तुझं काम कर की! माझ्या मागं काहून लागलास?"

मंडप खदखदून हसला. मी मात्र मटकन खाली बसले. एकोणीस नोट्समध्ये हे कुठंच नव्हतं. आणि आई कशी बोलायची, ते सकाळी मी महाराजांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. व्हिडिओ वर चढायला अजून दोन दिवस लागणार, आणि त्या हशात यंत्र तो शब्द गाळायचं, या धास्तीनं मी मंडपाच्या खांबाला टेकून फोनवर नवी नोट उघडली आणि आठवेल तसं टाइप करायला लागले. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं दिसेनात.

आरोही पत्रावळ घेऊन आली. "आत्या, जेवा की आता. सापडली का आजी?"

"सापडली," मी म्हणाले. "महाराजांना शिव्या देत होती."